पाच ओळींचं उत्तर

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नांदेडहून चंद्रप्रभाबाई कंधारकरांचा फोन आला, की जुना संगणक अखेर गेला. ‘अखेर’ हा शब्द त्यांनी जरा जोर देऊन उच्चारला होता, पण तो श्रीशैल बिराजदारच्या कानात शिरला नाही. लातूरला औसा रोडवरच्या आपल्या ऑफिसात तो एका डाळमिलच्या प्रोग्राममधली चूक शोधत बसला होता. स्क्रीनवरची नजर न काढताच त्यानं सांगितलं, की बाई, काळजी करू नका, नवा संगणक घ्या, आठ दिवसांत त्यावर ‘ठिपका’ चढवून देतो.

‘ठिपका’ हा त्याचा पहिला प्रोग्राम. वीस वर्षांपूर्वी, पदवी घेऊन तो रिकामा फिरत होता तेव्हा, कुणीतरी त्याला बाईंकडे पाठवलं होतं. बाईंची दृष्टी अकराव्या वर्षी देवीच्या साथीत गेलेली. तरी त्या शिकल्या, नांदेडच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागल्या आणि तरोडा नाक्याजवळच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी ब्रेल पुस्तकांचं केंद्र काढलं. एका परदेशी संस्थेनं त्यांना ब्रेल छापायचं मशीन दिलं होतं. मशीन लोखंडी, दोन माणसांनी उचलावं असं, आणि चालू झालं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज करायचं. पण त्याला मराठी येत नव्हती. ती शिकवायचं काम श्रीशैलनं घेतलं, आणि खरं बघता श्रीशैलला शिकवायचं काम बाईंनी घेतलं. जोडाक्षराच्या आधी हलंताचा ठिपका कसा येतो, छापील अक्षरात आधी दिसणारी पहिली वेलांटी ब्रेलमध्ये मागून कशी येते, हे त्यांनी त्याचं बोट धरून कागदावरून फिरवत शिकवलं. सहा महिने तो दर शनिवारी लातूरहून एसटीनं जायचा आणि बाईंच्या घरी जेवायचा. त्या प्रोग्रामवर त्याचं पेपरात नाव आलं, सत्कार झाला, पुढची कामं मिळाली, ऑफिस झालं. सत्काराच्या दिवशी बाई व्यासपीठावर बसल्या होत्या आणि त्यानं माईकवरून सांगितलं होतं, की मी आहे तोवर बाईंचं मशीन बंद पडणार नाही.

आठ दिवसांत चढवून देतो म्हणाला, ते त्याला मनापासून तसंच वाटलं होतं. प्रोग्राम जुना असला तरी आपलाच आहे, नव्या संगणकावर आणायचा म्हणजे चार जागी दुरुस्ती करायची. त्यानं जुनी फाइल उघडली, दोन दिवस बसून बरंचसं उरकलंही. अडलं ते एकाच ठिकाणी. प्रोग्राम आणि मशीन यांच्यामध्ये बोलणारा जो तुकडा होता, तो त्यानं स्वतः लिहिलेला नव्हता, बेंगळुरूच्या एका कंपनीकडून विकत घेऊन बसवला होता. तो तुकडा नव्या संगणकावर हालेना. भंगारवाल्याकडून जुन्या पद्धतीचा संगणक आणून त्यावरही त्यानं चालवून पाहिलं. तिथं तुकड्यानं कंपनीची किल्ली, म्हणजे परवान्याचा सांकेतिक आकडा, मागितली, आणि कंपनीनं तसल्या किल्ल्या देणं कधीच बंद केलं होतं.

मग त्यानं कंपनीला लिहिलं आणि तिथून पुढं त्याचे सात आठवडे गेले.

पहिल्यांदा उत्तर देणाऱ्या माणसानं विचारलं, संगणक बंद करून चालू केला का. दुसऱ्यानं विचारलं, तुमच्या संगणकाची प्रणाली अद्ययावत आहे ना. ती अद्ययावत आहे हीच तर अडचण आहे, असं श्रीशैलनं दोन पानं भरून समजावलं, तेव्हा तिसऱ्यानं कळवलं, की आमची नवी आवृत्ती घ्या. ती त्यानं घेतली. नव्या आवृत्तीतून बाईंचं मशीन गाळून टाकलेलं होतं. त्यावर विचारलं तर उत्तर आलं, की त्या मॉडेलची सेवा संपली आहे, तुम्ही नवं मशीन घ्यावं. नव्या मशीनची किंमत बाईंच्या केंद्राला सात जन्मांत झेपण्यासारखी नव्हती. फोनवरची मुलगी फार गोड बोलायची. दर वेळी ती त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लावायची आणि शेवटी म्हणायची, की सर, माझ्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल. जुलै संपत आला तेव्हा त्याची तक्रार ‘समाधान झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली.

श्रीशैल इतका चिडला, की घरी जेवतानाही तेच बोलायचा. माणसं म्हणायची का कोण ही, वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक आहे मी, एका आंधळ्या बाईचं काम अडलंय हे सांगूनही ढिम्म हलत नाहीत. बायको मंजुश्री त्याच्याच ऑफिसात हिशेब आणि पत्रव्यवहार पाहायची. ती ऐकून घ्यायची. एकदा तिनं विचारलं, की बाईंना काय सांगितलंय? तो म्हणाला, सांगायचं काय, प्रयत्न चालू आहेत. या सात आठवड्यांत त्यानं बाईंना फक्त दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा कंपनीवरचा रागच ऐकवला होता. बाईंनी पहिल्या वेळी सांगितलं होतं, की आपल्याकडं ब्रेल शिकलेल्या लोह्याच्या महांतेशचं पुस्तक हातात आहे आणि परीक्षा ऑगस्टअखेर आहे. त्यानं ‘हो हो’ म्हटलं होतं.

कंपनीला एक शेवटचं खरमरीत पत्र लिहायचं म्हणून, आपण किती जुने ग्राहक आहोत याचा पुरावा काढायला त्यानं जुन्या मेल चाळल्या. त्यात कंपनीचं २०१७ सालचं पत्र निघालं. दोन वर्षांनी या जुन्या मॉडेलांची सेवा बंद होणार आहे, असं त्यात स्वच्छ कळवलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, की जे ग्राहक त्याआधी मागणी करतील त्यांना मशीनच्या सगळ्या आज्ञांची पुस्तिका विनामूल्य पाठवली जाईल, म्हणजे त्यांना आपलं आपण काम चालवता येईल. त्या पत्रावर श्रीशैलनं त्या वेळी पिवळी खूण करून ठेवली होती, नंतर पाहू म्हणून. एक ओळ लिहून पुस्तिका मागवायची होती. ती ओळ त्यानं लिहिली नव्हती. ते वर्ष शाळांच्या प्रोग्रामचं होतं, रोज नवी शाळा येत होती, आणि ‘ठिपका’तून काही मिळत नव्हतं.

त्यानं लॅपटॉप मिटला. मंजुश्री समोरच बसली होती, तिला त्यानं काही सांगितलं नाही. संध्याकाळी बाईंना फोन लावून तो म्हणाला, की बाई, कंपनीनं हात वर केले, आता हे मशीन चालणार नाही.  बाई म्हणाल्या, "बरं. तू खूप खटपट केलीस." त्यानं ‘हं’ म्हणून फोन ठेवला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नांदेडच्या एका शाळेचं काम निघालं. ते दुपारीच संपलं. तसंच परत फिरता आलं असतं, पण तरोडा नाका वाटेतच होता आणि पंधरा दिवस त्याला धड झोप लागली नव्हती. बाईंना भेटून, जरा वेळ बसून, बरं वाटेल असं त्याला वाटलं.

दार बाईंचे धाकटे भाऊ रेणुकादास यांनी उघडलं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते बहिणीकडंच राहायला आले होते. एरवी ‘या लातूरकर’ म्हणणारे रेणुकादास नुसते बाजूला झाले. आत बाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात ब्रेलची पाटी होती, तीत जाड कागद अडकवलेला, आणि हातात टोचणी. रेणुकादास खुर्चीत बसले, त्यांनी पुस्तक उचललं आणि जिथं थांबले होते तिथून कलम वाचायला लागले. बाई टोचायला लागल्या. पाटीवर उजवीकडून डावीकडं, अक्षर उलटं धरून टोचावं लागतं, म्हणजे कागद पालटला की ते सुलटं उमटतं. एकेका अक्षराला दोन, तीन, चार टोचे. बाईंच्या उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीच्या वरचा हात सुजला होता.

कलम संपल्यावर त्यांनी टोचणी खाली ठेवली आणि विचारलं, कोण आलंय. मग स्वतःच म्हणाल्या, "श्रीशैल ना? चपला काढायची तुझी घाई ओळखते मी."

महांतेशसाठी चाललंय, हे त्यांनीच सांगितलं. महांतेश लोह्याला तहसीलमध्ये कारकून. मूळचा मुरुडचा. नोकरी लागल्यावर दोन वर्षांत त्याची दृष्टी गेली, डोळ्यांच्या पडद्याचा आजार. मग बाईंकडं राहून तो ब्रेल शिकला आणि परत कामावर रुजू झाला. खात्याच्या परीक्षेत ज्येष्ठता राखायची ही त्याची शेवटची संधी होती. नापास झाला तर नोकरी राहणार होती, पण ज्येष्ठता जाणार होती, मागून आलेली पोरं पुढं निघून जाणार होती. फोनवर तो पुस्तकं ऐकायचा, पण नियमांची कलमं आणि पोटकलमं नुसत्या कानांनी टिकत नाहीत, त्यावरून बोट फिरावं लागतं. पुस्तक सव्वाचारशे पानांचं. बाईंचं आणि रेणुकादासांचं हातानं अडीचशे पानांपर्यंत आलं होतं, आणि झालेले खंड बांधून त्यांनी लोह्याला पाठवलेही होते.

"हाताला काय झालं, डॉक्टरांना दाखवलं का?" श्रीशैलनं विचारलं.

रेणुकादासांनीच उत्तर दिलं, की डॉक्टर म्हणतात महिनाभर टोचणी धरायची नाही. ते सांगताना त्यांनी श्रीशैलकडं पाहिलं नाही.

सवयीनं श्रीशैल कंपनीला शिव्या द्यायला लागला. कशी माणसं आहेत बघा, कशी पत्रं पाठवतात, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा विचार नाही. बाई ऐकत होत्या. त्याचं बोलणं संपल्यावर त्या उठल्या, कपाटाच्या खालच्या खणातून जाड कागदांचा एक गठ्ठा काढला आणि त्यातला एक कागद अचूक उपसून टेबलावर ठेवला.

"तुझ्याकडूनही आलं होतं एक," त्या म्हणाल्या. "संगणक मागच्या नोव्हेंबरपासूनच त्रास देत होता. तुला फोन करून कामावरून उठवायचं जिवावर आलं, म्हणून तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर मेल केली. नोव्हेंबरात, जानेवारीत आणि एप्रिलात. रेणुकादासनं टाइप करून दिली. तिन्ही वेळा हेच आलं. मी उतरवून ठेवलं."

आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट कागदावरून फिरवत वाचलं. शाळेत धडा वाचावा तसं, प्रत्येक विरामचिन्हाला थांबत.

"प्रिय ग्राहक, आपण वापरत असलेल्या उत्पादनाचा सेवाकाळ पूर्ण झाला आहे. या उत्पादनाबाबतच्या तक्रारी यापुढे स्वीकारल्या जाणार नाहीत. कृपया आमच्या नव्या आवृत्तीचा विचार करावा. आपण आजवर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपला दिवस आनंदात जावो."

ते पत्र श्रीशैलनंच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी जुन्या ग्राहकांचे फार फोन यायला लागले, तेव्हा मंजुश्री म्हणाली होती, की काहीतरी ठरीव उत्तर करून ठेवू या. त्यानं बेंगळुरूच्या कंपनीची भाषा आठवून, तीच मराठीत उतरवून दिली होती, आणि छान जमली म्हणून स्वतःवर खूशही झाला होता. जुन्या उत्पादनांच्या यादीत त्यानं सगळी नावं घातली, त्यात ‘ठिपका’ही घातलं. संगणक आपोआप उत्तर पाठवायचा, मेल कुणी उघडून पाहायचं नाही. ‘ठिपका’ची नवी आवृत्ती कधी निघालेलीच नव्हती.

"ही नवी आवृत्ती कोणती, ते विचारायचं राहून गेलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते विचारायचं होतं, आणि म्हणूनच श्रीशैलला खुर्चीत बसवेना.

मग त्यानं सगळं सांगितलं. २०१७ चं पत्र, पिवळी खूण, न मागवलेली पुस्तिका. पंधरा दिवसांपूर्वी फोनवर आपण अर्धंच सांगितलं हेही सांगितलं. सांगताना तो बाईंच्या तोंडाकडं पाहत नव्हता, त्यांच्या मनगटाकडं पाहत होता. रेणुकादास मध्येच उठून आत निघून गेले.

बाईंनी तो कागद परत गठ्ठ्यात घातला, कडा जुळवल्या, गठ्ठा खणात ठेवला. खण बंद करून म्हणाल्या, "पुस्तिका नसली तर काहीच करता येत नाही का?"

तो म्हणाला, की अंदाजानं करता येईल. मशीनला एकेक आकडा पाठवायचा आणि ते कोणता ठिपका मारतं ते बघत जायचं. पण त्यात फार वेळ जाईल.

"मशीन इथं आहे आणि माझं बोटही आहे. परीक्षेला नऊ दिवस आहेत. पाठव तुझे आकडे."

त्यानं मंजुश्रीला फोन करून सांगितलं, की चार-पाच दिवस येत नाही. नाक्यावर एक खोली घेतली. सकाळी आठला तो बाईंकडं जायचा. मशीनवरची चादर काढून नव्या संगणकाला जोडायचं, एक आकडा पाठवायचा, मशीन खाडकन् एक घाव घालायचं, बाई कागदावर बोट ठेवून उमटलेल्या ठिपक्यांचे क्रमांक सांगायच्या, "एक, तीन, चार." तो लिहून घ्यायचा. पुढचा आकडा. कधी काहीच उमटायचं नाही, कधी मशीन कागद ओकून टाकायचं, तेव्हा तोही आकडा लिहून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षरं पुरी झाली. तिसऱ्या दिवशी ओळ मोडणं, पान पालटणं सापडलं. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं तो तुकडा लिहिला. रेणुकादास शेजारच्या खोलीत उरलेली पानं टाइप करत होते. ते जेवायला हाक मारायचे, पण फक्त बहिणीच्या नावानं. पाचव्या दिवशी सकाळी मशीन धडधडून चालायला लागलं आणि पहिलं पान बाहेर आलं. बाईंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, एक वेलांटी चुकलेली दाखवली. ती नीट केल्यावर मान हलवली.

पाच दिवस. ते बघून श्रीशैलला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, की हे पाच दिवस जूनमध्येही होते. सात आठवडे आपण कंपनीशी भांडत बसलो. कारण भांडताना आपली बाजू बरोबर होती. इथं येऊन या खोलीत बसलो असतो, तर ते पत्र आणि आपलं विसरणं तेव्हाच समोर आलं असतं.

शेवटचा खंड बांधून झाला तेव्हा परीक्षेला तीन दिवस उरले होते. लोहा लातूरच्या वाटेवरच, म्हणून खंड श्रीशैलनंच न्यायचा ठरला. निघताना बाई म्हणाल्या, "मला सांगून झालं तुझं. महांतेशलाही सांग. तो कंपनीला शिव्या देत असतो."

तो ‘हो’ म्हणाला.

लोह्यात तहसीलच्या बाहेर चहाच्या टपरीजवळ महांतेश काठी घेऊन उभा होता. तिशीच्या आतला, दाढी नीट केलेला, शर्टाच्या खिशाला पेन. पेन त्याला आता लागत नव्हतं, पण सवय गेली नसावी. पिशवीतला खंड हातात घेऊन त्यानं आधी जाडी चाचपली, मग पहिल्या पानावर बोटं फिरवली आणि तिथंच उभ्याउभ्या दोन ओळी वाचल्या.

"लई उपकार झाले सर," तो म्हणाला. "त्या कंपनीनं दगा दिला, पण तुमी धावून आले. बाईंचा हात मोडायची वेळ आणली हो त्यांनी."

हीच वेळ होती. श्रीशैलनं तोंड उघडलं आणि विचारलं, अभ्यास कुठपर्यंत आलाय. महांतेशनं सांगितलं, की बाकीचं पक्कं आहे, तीन दिवसांत हे कसं करायचं ते बघून राहिलोय. मग त्यानं चहा मागवला, पैसे श्रीशैलला देऊ दिले नाहीत, आणि निरोप घेताना काठी बगलेत धरून, चाचपत वाकून त्याच्या पायाला हात लावला. श्रीशैलनं त्याला उठवलं. गाडीत बसल्यावर अहमदपूरपर्यंत त्यानं स्वतःला समजावलं, की परीक्षेच्या तोंडावर त्याचं मन बिघडवण्यात काय अर्थ होता. अहमदपूरच्या पुढं ते समजावणंही संपलं.

लातूरला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं ते ठरीव उत्तर काढून टाकलं. मंजुश्रीनं कारण विचारलं. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्या यादीत आणखी किती जण होते?" दोघांनी मिळून मोजले, तर बाईंखेरीज सत्तावीस मेल निघाल्या, अकरा माणसांच्या. त्या अकराही जणांना त्यानं स्वतः फोन केले. बहुतेकांनी तोवर दुसरी सोय करून घेतली होती. धर्माबादच्या एका अडत्यानं त्याला मध्येच थांबवून विचारलं, की आता कशाला फोन केला.

निकाल डिसेंबरात लागला. महांतेश एक सोडून सगळ्या विषयांत पास होता. त्या एका पेपरात त्याला चार गुण कमी पडले होते. तो पेपर शेवटच्या खंडावरचा होता. बाईंनी हे फोनवर सांगितलं, आणि मग विचारलं, "तू त्याला सांगितलं होतंस ना?"

श्रीशैल म्हणाला, "नाही."

"मग आता जा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. वीस वर्षांत त्यांनी असा फोन कधी ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. लोह्याला पोचला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. महांतेश व्हरांड्याच्या टोकाला बाकावर डबा घेऊन बसला होता. आवाजावरून त्यानं ओळखलं, सरकून जागा दिली, डबा पुढं केला. श्रीशैलनं घेतलं नाही. तो बसलाही नाही. उभ्यानंच, मधे कुठं न थांबता त्यानं सांगितलं. कंपनीनं कळवलं होतं, ते २०१७ साली. मी उत्तर दिलं नाही. बाईंच्या तीन मेलना माझ्याच संगणकानं नकार पाठवला. मशीन पाच दिवसांत चालू होण्यासारखं होतं आणि मी सात आठवडे घालवले. मागच्या वेळी तुम्ही आभार मानले, तेव्हाही मी गप्प बसलो.

महांतेशनं हातातला घास डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावलं, चाचपून नीट दाबलं.

"२०१७ ला तर मला दिसत होतं, सर," तो म्हणाला.

व्हरांड्यात माणसं येत-जात होती, कुणीतरी महांतेशला दाखल्याचं विचारून गेलं, त्याला त्यानं खिडकी क्रमांक सांगितला. मग परत श्रीशैलच्या दिशेनं तोंड केलं.

"मी त्या कंपनीवर राग धरून होतो. तिचं ना तोंड माहीत, ना गाव माहीत. त्याचं एक बरं होतं, राग धरताना कुणाचं तोंड आठवायला लागत न्हवतं." त्यानं डबा बाजूला सरकवला. "मी तुमच्या पाया पडलो होतो त्या दिवशी."

"हो."

"ते नको होतं होऊ द्यायला."

"हो," श्रीशैल म्हणाला. माफी मागायचे शब्द तो लातूरहून तयार करून आला होता. ते आता काढले तर त्या माणसावर आणखी एक ओझं पडेल, आपल्याला बरं वाटेल असं काहीतरी त्याला बोलावं लागेल, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं ते काढले नाहीत.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. महांतेशनं काठी उघडली, डबा पिशवीत घातला. ज्येष्ठता गेली ती गेली, तो म्हणाला, पण पेपर परत द्यावाच लागणार, त्याशिवाय बढती न्हाई. नियमांची नवी दुरुस्ती आलीय, तिचं पुस्तक पाहिजे.

"जानेवारीत देतो," श्रीशैल म्हणाला. "मी स्वतः आणून देईन."

"तुमी नका आणू, सर. एसटीनं पाठवा. स्टँडवरून मी आणीन."

एवढं बोलून तो भिंतीला काठी लावत खिडकीकडं निघाला. तिसऱ्या दारापाशी त्याला कुणीतरी हात द्यायला पुढं झालं, तो त्यानं घेतला नाही.

श्रीशैल गाडीत येऊन बसला आणि बाईंना फोन लावला. सांगून आलो, म्हणाला. बाईंनी विचारलं, काय म्हणाला? त्यानं शब्दन् शब्द सांगितला, पाया पडल्याचं आणि एसटीचं सुद्धा.

"बरोबर बोलला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की नियमांच्या दुरुस्तीचं पुस्तक लातूरला मिळतं का, आणि मिळत असेल तर सोमवारी रेणुकादास टाइप करायला बसतील.